तुमचा नापास माल दाखवा

शैलेंद्रनं गाडीतून आणून ओसरीवर ठेवलेल्या खोक्याला अच्युतरावांनी हात लावला नाही. आधी त्याभोवती एक फेरी मारली.

साधं पुठ्ठ्याचं खोकं होतं. वर सुतळीची गाठ. शेजारी शैलेंद्र उभा होता, दिंडोरीकडचा द्राक्षबागाईतदार. वय चाळिशीचं, पांढरा शर्ट, उन्हानं रापलेली मान, हातात गाडीची किल्ली. फाटकाबाहेर त्याची नाशिकच्या नंबरची जुनी जीप होती, आणि समोरच्या घरातले तिवारीजी झाडांना पाणी घालायच्या निमित्तानं ती निरखत होते. भोपाळमधल्या इंद्रपुरीच्या या गल्लीत परगावची गाडी आली, की दुपारपर्यंत तिची सगळी कुंडली घरोघर पोचलेली असते.

"परवाना?" अच्युतराव म्हणाले.

नमस्कार व्हायच्या आत हा प्रश्न आला, तरी शैलेंद्र गोंधळला नाही. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून दिला. तलावाकाठच्या एका हॉटेलात आदल्या दिवशी वाइनचं प्रदर्शन होतं, त्यासाठी त्यानं रीतसर परवानगी काढून माल आणला होता. अच्युतरावांनी चष्मा बदलून कागद दोनदा वाचला, मागची बाजू कोरी आहे ना तेही पाहिलं, आणि परत दिला.

"बाबा, माणसाला आत तरी येऊ द्या," दारातून जुई म्हणाली. "हद करता तुम्ही."

"माणूस येऊ दे. खोकं कुठं ठेवायचं ते बघतो आहे."

"देवघरापाशी नको," स्वयंपाकघरातून मालतीबाईंचा आवाज आला. "आणि फ्रिजमध्येही नको. तिथं मोदकांचं सारण आहे."

शेवटी खोकं ओसरीवरच राहिलं, मुलांच्या प्रयोगांच्या फळीखाली.

त्या फळीवर सध्या दोन काचेच्या बाटल्या होत्या. दर रविवारी सकाळी गल्लीतली मुलं अच्युतरावांकडे विज्ञान शिकायला येत. परवाच्या रविवारी सगळ्यांनी कोमट पाण्यात साखर आणि यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावला होता. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं, त्यानं फुगा फुगतो. श्रुती नावाच्या पाचवीतल्या मुलीचा फुगा मात्र मेलेल्या माशासारखा लोंबत राहिला. तिनं पाणी फार गरम घेतलं होतं, यीस्ट मरून गेलं. ती गुपचूप बाटली मोरीत ओतायला निघाली, तेव्हा अच्युतरावांनी तिला थांबवलं होतं.

"ती फेकायची नाही," ते म्हणाले होते. "फुगलेल्या शेजारी न फुगलेली ठेव. दोन्ही बघितल्या तरच कळतं."

म्हणून दोन्ही बाटल्या फळीवर होत्या. एकीचा फुगा अजून थोडा तरतरीत, एकीचा पडलेला.

अच्युतरावांची सगळी नोकरी भोपाळच्या मोठ्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेली. बाहेरच्या पुरवठादारांकडून येणाऱ्या ओतीव झडपा, नळ, जोड हे सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि ते पास म्हणतील तेच आत जायचं. या कामाचे काही नियम त्यांनी घरातही सोडले नव्हते. नमुना पुरवठादारानं निवडायचा नाही, आपण निवडायचा. निकाल लागेपर्यंत पुरवठादाराचा चहा प्यायचा नाही. आणि "हे आम्ही स्वतः बनवतो" असं जो सांगेल, त्याच्याकडे जास्त नीट बघायचं. कारण स्वतःची भट्टी आहे म्हणून छाती ठोकणाऱ्या कितीतरी लोकांचा माल भलत्याच ठिकाणी ओतलेला असायचा. हे फक्त रंग मारून आपलं नाव घालायचे.

शैलेंद्र नेमकं तेच सांगत होता. द्राक्षं माझी, वाइनही माझी.

आणि त्याच्या या वाक्यावर जुई नोकरी सोडायला निघाली होती.

ती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत पक्क्या नोकरीवर होती. दूध, तेल, मसाले यांचे नमुने तपासणं हे तिचं काम. दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी ती नाशिकला गेली, तिथं तिनं शैलेंद्रचं वाइनचं छोटं तळघर पाहिलं, आणि तेव्हापासून तिची प्रत्येक रजा तिकडेच जायची. आता शैलेंद्र आणि त्याची बायको मंजूषा यांना प्रयोगशाळेचं काम जाणणारं कायमचं माणूस हवं होतं. जुईला ते माणूस व्हायचं होतं.

"लग्नाबिग्नाचं काही आहे का यात?" मालतीबाईंनी तेव्हा थेट विचारलं होतं.

"आई! त्याची मुलगी दुसरीत आहे."

"मग नुसत्या दारूसाठी?"

"दारू नाही गं. बुडबुड्यांची वाइन. मोठ्या कंपन्या गावोगावची द्राक्षं एका टाकीत टाकतात. यांची एका बागेची असते. बागेतल्या एका तुकड्याची."

मालतीबाईंना यातलं काही पटलं नव्हतं. शेवटी जुई वडिलांकडे वळली होती. "बाबा, तुम्ही तपासा. तुमच्या पद्धतीनं. तुम्ही नापास म्हणालात, तर मी राजीनामा देणार नाही. बात खतम."

ती शब्द पाळणारी होती, हे अच्युतरावांना माहीत होतं. म्हणूनच नोव्हेंबरच्या या सकाळी त्या खोक्याभोवती ते इतक्या सावधपणे फिरत होते.

मालतीबाईंनी पोहे आणि चहा आणला. शैलेंद्रनं सोबत आणलेली बेदाण्यांची पुडी त्यांच्या हातात दिली. "काकू, घरचेच आहेत. ओट्यावर सुकवलेले."

मालतीबाईंनी दोन तोंडात टाकले. अच्युतरावांनी पुडीकडे पाहिलंही नाही.

"काकांना द्या ना."

"ते नाही घेणार," जुई म्हणाली. "निकाल लागेपर्यंत पुरवठादाराचं काही खात नाहीत."

"मग चहा तरी आपण त्यांचाच पितोय, हे बरं झालं," शैलेंद्र म्हणाला. मालतीबाई हसल्या. अच्युतराव हसले नाहीत. गोड बोलणारे पुरवठादार त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"उघडा खोकं," ते म्हणाले.

शैलेंद्रनं सुतळी सोडली. आतल्या सगळ्या बाटल्या उलट्या होत्या, माना खाली, बुडं वर. आणि प्रत्येक बुडावर लाल रंगाची एक आडवी रेघ होती.

अच्युतराव थबकले. मग हळूच त्यांनी बोटानं एक रेघ खरवडून पाहिली. ऑइलपेंट होता, ब्रशनं मारलेला.

कारखान्यात त्यांच्या टेबलावर दोन डबे असत. पांढरा आणि लाल. पास झालेल्या वस्तूवर पांढरी रेघ. नापास झालेल्या वस्तूवर लाल. लाल रेघेचा माल जाळीच्या खोलीत बंद व्हायचा आणि किल्ली त्यांच्या खिशात राहायची, कारण तोच माल भंगारवाल्याकडून धुऊनपुसून पुन्हा दारात यायचा, असं एकदा नाही, अनेकदा झालं होतं.

त्यांनी एक बाटली उपसून सरळ केली. लेबल नव्हतं. शॅम्पेनच्या बाटलीला चित्रात असतं ते जाड बूच नव्हतं, तारेची जाळी नव्हती. सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं दातेरी झाकण होतं.

म्हणजे सगळं जुळत होतं. कुठल्या तरी कंपनीनं नाकारलेल्या बाटल्या. तपासणाऱ्यानं लाल रेघ मारून बाजूला काढलेल्या. या माणसानं त्या उचलल्या, सोड्याचा वायू भरला, पत्र्याचं झाकण ठोकलं, आता घरी जाऊन लेबल लावायचं. आणि भोळी जुई याला बागाईतदार समजते.

त्यांना एकदम हलकं वाटलं. मुलगी घरातच राहणार होती.

"हा नापास माल आहे," ते म्हणाले. आवाज त्यांनी अजिबात चढवला नाही.

"काय?" शैलेंद्रनं विचारलं.

"लाल रेघ. सगळ्यांवर आहे. कुणी मारली?"

"मीच मारली की."

"तुम्ही? म्हणजे तुम्हीच नापास केल्यात?"

शैलेंद्र बाटलीकडे बघत राहिला, मग जुईकडे. जुईनं तोंडावर हात धरला होता, आणि तिचे खांदे हलत होते.

"सॉरी, सॉरी बाबा," ती हसू आवरत म्हणाली. "मला सुचलंच नाही. अहो, त्यांच्याकडे लाल म्हणजे नापास नाही. ट्रॉली रंगवली होती, तो डबा उरला होता."

"काका, एक मिनिट," शैलेंद्र म्हणाला. त्यानं खोक्यातून एक बाटली तशीच उलटी उचलली आणि उन्हात धरली. "मानेत बघा. हलवू नका."

अच्युतरावांनी वाकून पाहिलं. झाकणाजवळ, मानेच्या अगदी टोकाला, बोटभर जाडीचा मळकट पांढरा गाळ बसलेला होता. बाकीची बाटली स्वच्छ होती.

"हा काय आहे?"

उत्तर शैलेंद्र देणार होता, पण ते अच्युतरावांनाच सुचलं. त्यांची नजर वर फळीकडे गेली. मुलांच्या दोन्ही बाटल्यांच्या तळाशीही असाच गाळ होता.

"यीस्ट," ते म्हणाले.

"हो. वाइन तयार झाली, की बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून झाकण ठोकायचं. यीस्ट साखर खातं. वायूला बाहेर जायला जागा नाही, तो वाइनमध्येच मुरतो. पुढं यीस्ट मरतं, त्याचा गाळ होतो. तो मानेत आणायचा म्हणजे बाटली लाकडी घोडीवर तिरकी उलटी टांगायची आणि रोज थोडी थोडी फिरवायची. ती किती फिरली ते कळावं म्हणून बुडाला रेघ. आज रेघ या कोपऱ्यात, उद्या त्या कोपऱ्यात. सोमवारी मी फिरवतो, मंगळवारी मंजूषा. रेघ नसली तर भांडणंच होतील."

"फुगा नसलेली फुग्याची बाटली," अच्युतराव पुटपुटले.

"म्हणजे?"

"काही नाही. दाब किती?"

"सहा बार. थोडा कमी-जास्त."

"स्कूटरच्या टायरच्या तिप्पट!" अच्युतरावांनी बाटली हातातून हळूच खाली ठेवली. त्यांच्या पिढीच्या भोपाळकरांपुढे कोंडलेल्या वायूबद्दल कुणी थट्टेनं बोलत नाही. "काच कुणाची? तपासता?"

"जाड काच, त्यासाठीच बनवलेली. तरी दरवर्षी एखाद-दुसरी तळघरात फुटते. आम्ही जाळीचा मुखवटा घालून आत जातो."

हे त्यानं लपवलं नाही, याची अच्युतरावांनी मनात नोंद घेतली. पण एवढ्यानं काही ठरत नव्हतं. गाळ आहे, म्हणजे सोड्याचा वायू भरलेला नाही, इतकंच सिद्ध झालं. मुख्य प्रश्न राहिलाच होता. भट्टी कुणाची? द्राक्षं कुणाची?

"ही उघडा," त्यांनी खोक्याच्या अगदी मधली बाटली निवडून दिली.

"अंगणात जावं लागेल."

"तुळशीपासून लांब," मालतीबाई म्हणाल्या.

नळापाशी शैलेंद्रनं बाटली उलटी धरली, झाकणाला चावी लावली, आणि बाटली वर उचलता उचलता झाकण उडवलं. फटकन आवाज झाला, गाळ पिचकारीसारखा नळाखालच्या फरशीवर गेला, आणि त्यानं अंगठ्यानं तोंड दाबून बाटली सरळ केली. आत पाण्याइतकी निवळ, पिवळसर वाइन उरली. रस्त्यापलीकडून तिवारीजींनी विचारलं, "सब ठीक है ना, भाईसाहब?"

"साइंस का प्रयोग है!" अच्युतरावांनी सांगितलं.

घरात पेले होते ते सरबताचे. एका पेल्यात थोडी ओतली. बारीक बुडबुडे तळातून निघून एकामागोमाग वर येत होते, थांबतच नव्हते. अच्युतराव पेला उन्हात धरून बराच वेळ ते बघत राहिले. बघायला त्यांचे नियम आड येत नव्हते.

"चाखणार कोण?" शैलेंद्रनं विचारलं.

मग मालतीबाई आत गेल्या आणि खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला प्लास्टिकचा छोटा चमचा घेऊन आल्या.

"अगं, तू?"

"तुम्ही नियमात अडकलाय. ती म्हणणार छानच आहे. मग राहिलं कोण? आणि लोणच्याचा खार, कैरीचं पन्हं, सगळं मीच चाखते ना या घरात?" त्यांनी चमचाभर घेतली, डोळे मिटले, आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे."

"पण वाईट?" जुईनं घाईनं विचारलं.

मालतीबाईंनी आणखी अर्धा चमचा घेतला. "वाईट नाही. हिरव्या सफरचंदासारखी. जिभेला खडखडीत लागते. पण आंबट."

"त्या वर्षी द्राक्षं जरा लवकर तोडली होती," शैलेंद्र म्हणाला. "शेनिन नावाची जात. वरच्या अंगाला मुरमाड तुकडा आहे, तिथं माती कमी. वेली कष्टानं वाढतात, घडही बारीक. आणि त्या साली संक्रांतीपर्यंत थंडी हटली नाही. तो आंबटपणा तिथला आहे."

अच्युतराव ऐकत होते. प्रत्येक पुरवठादाराला आपल्या मालाची कथा पाठ असते. कथा ऐकून त्यांनी आजवर एकही झडप पास केली नव्हती. त्यांच्याकडे एक शेवटचा प्रश्न असायचा, आणि तो ते सगळ्यात शेवटी, चहाचं विचारल्यासारखा सहज विचारायचे.

"बरं. आता तुमचा नापास माल दाखवा."

कारखान्यात या प्रश्नाला दोनच उत्तरं मिळायची. बहुतेक पुरवठादार म्हणायचे, "आमच्याकडे नापास होतच नाही, साहेब." ते खोटं असायचं. फार थोडे लोक उठून मागच्या खोलीचं कुलूप काढायचे.

शैलेंद्रनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्यानं जुईकडे पाहिलं. जुईनं किंचित मान हलवली. नाही.

ती हालचाल अगदी बारीक होती. पण डोळ्यांना न दिसणारी भेग शोधण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्यापुढं ती झाली होती.

"काय चाललंय?" अच्युतराव म्हणाले.

"काही नाही बाबा. सगळा माल खोक्यात आहे. तुम्ही बघितला."

"मी यांना विचारलं."

शैलेंद्रनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "जुई, मी सांगतो."

"शैलेंद्रदादा, प्लीज."

"त्यांनी विचारलंय आता." तो उठला, फाटकाबाहेर गेला, आणि जीपच्या मागच्या सीटमागून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली उलटीच धरून घेऊन आला. कागद काढून त्यानं ती तशीच उलटी खोक्यात ठेवली. तिच्या बुडावर लाल रेघ होती, आणि त्या रेघेवर काळी फुली.

अच्युतरावांचा मघाचा सगळा संशय दुप्पट होऊन परत आला. माल खोक्यात एक, गाडीत दुसरा. आणि मुलीला ते माहीत. म्हणजे ती फसलेली नव्हती, ती सामील होती.

"सांगा," ते म्हणाले.

"गारपिटीच्या सालची आहे," शैलेंद्र म्हणाला. "तोडणीला आठवडा राहिला होता. सगळी बाग झोडपली गेली, एक घड राहिला नाही. टाक्या रिकाम्या, सगळी तयारी झालेली. मी खोऱ्यातल्या दुसऱ्या एकाची द्राक्षं आणली आणि वाइन केली. पुढं लेबल चिकटवायची वेळ आली. लेबलावर छापलेलं, 'आमच्या बागेतली'. मंजूषा म्हणाली, चिकटव, कुणाला कळणार आहे? मी हातात घेतलं. नाही चिकटवलं."

"का?"

"ते खोटं झालं असतं. मंजूषालाही ते मनातून पटलेलं नव्हतं. गारपिटीनं माझं डोकं फिरलं होतं, ते शांत व्हावं म्हणून म्हणाली होती. त्या बाटल्यांवर फुल्या मारल्या. भिंतीकडच्या रांगेत आहेत. विकत नाही."

"उघडा ही."

"बाबा, राहू दे ना," जुई म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं.

नळापाशी पुन्हा फटकन आवाज झाला. दुसरा पेला भरला. बुडबुडे तितकेच बारीक, रंग किंचित गडद. मालतीबाईंनी चमचा धुऊन घेतला, चाखली, आणि भुवया वर केल्या. पुन्हा चाखली.

"ही चांगली आहे की!" त्या म्हणाल्या. "ही त्या पहिलीपेक्षा चांगली आहे. पिकलेल्या फळासारखी लागते. हीच का नाही विकत?"

जुईनं डोळे मिटून घेतले.

रस्त्यापलीकडे तिवारीजींच्या नळीतलं पाणी पडत होतं.

"हेच," जुई म्हणाली. "म्हणूनच मी म्हटलं होतं गाडीत राहू दे. दादा तर खोक्यातच घालून आणणार होते. तुम्ही नापास माल मागता हे मीच त्यांना सांगितलं होतं. मी सकाळी फाटकातून मागं पाठवली ती बाटली. तुम्ही म्हणाला असता, दुसऱ्याची द्राक्षं जास्त चांगली लागतात, तर मग स्वतःच्या बागेचं एवढं कौतुक कशाला? आणि मला उत्तर देता आलं नसतं."

"मग द्या उत्तर," अच्युतराव म्हणाले, पण ते जुईला नाही, शैलेंद्रला. "प्रश्न बरोबर आहे तिचा. ही चांगली आहे, तर त्या आंबटवर तुमचं नाव कशाला?"

शैलेंद्रनं दोन्ही पेले जवळ ओढले.

"आंबटवाली आंबट का आहे ते मी सांगू शकतो, काका. कुठला तुकडा, कुठला आठवडा, माझं काय चुकलं. पुढच्या साली दोन दिवस उशिरा तोडली, ती सुधारली. ही चांगली का झाली, ते मला माहीत नाही. त्याच्या वेलींना काय घातलं, पाणी कधी तोडलं, मी नव्हतो तिथं. पुन्हा होईल का, सांगता येत नाही. आणि बिघडली असती, तर का बिघडली तेही सांगता आलं नसतं. आधी आम्ही द्राक्षं कंपनीला घालायचो. टाकीच्या तोंडाशी आमची द्राक्षं संपायची. चांगली होती की वाईट, कधी कळलंच नाही. मला ते कळून घ्यायचं होतं. बस, एवढंच आहे."

अच्युतराव उठले आणि फळीपाशी गेले. श्रुतीच्या बाटलीवरचा पडलेला फुगा त्यांनी बोटानं उचलून पाहिला आणि सोडला.

प्रत्येक ओतीव झडपेवर एक आकडा कोरलेला असायचा. कुठल्या भट्टीतून, कुठल्या दिवशी. झडप कितीही सुंदर दिसली, आणि आकडा नसला, तर ती जाळीच्या खोलीत जायची. तरुण इंजिनीअर वाद घालायचे, साहेब, ही तर सगळ्यात मजबूत आहे. ते म्हणायचे, असेल. पण का मजबूत आहे, ते कुणाला विचारू?

आणि दुसरी गोष्ट त्यांना त्याच वेळी दिसली. लाल रेघ पाहून त्यांना बरं वाटलं होतं. माल नापास निघाल्याचं त्यांना नोकरीत कधी बरं वाटलं नव्हतं. आज वाटलं होतं, कारण त्यांना मुलगी घरात हवी होती. हे तिनं त्यांच्या आधी ओळखलं होतं. नाहीतर प्रयोगशाळेत खोटं दूध शोधून काढणारी मुलगी बापापासून बाटली कशाला लपवेल?

ते परत येऊन बसले.

"पुरवठादार पास," ते म्हणाले.

शैलेंद्रनं श्वास सोडला. जुईनं वर पाहिलं.

"तू नापास."

"बाबा..."

"नमुना दडवलास. तुझ्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं तर काय करता?"

"काढून टाकतात," जुई हळूच म्हणाली.

"माझ्या वर्गातून मी कुणाला काढलेलं नाही. श्रुतीलाही नाही." त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "तिची बाटली तिथंच आहे. तू तिकडे गेलीस, की भिंतीकडच्या त्या रांगेची किल्ली तुझ्याकडे. फुलीच्या सगळ्या बाटल्या. आणि पुढं जेवढ्या फुल्या पडतील, तेवढ्या. तुझी स्वतःची चूक झाली, तर तिच्यावरही फुली मारायची, आणि आल्यागेल्याला आधी ती दाखवायची. जमेल?"

"तिकडे गेलीस की, म्हणालात?"

"ऐकू आलं ना?"

मालतीबाईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे जाणार ही? मला कुणी विचारायचं नाही?"

"तू दोन्ही बाटल्या चाखल्यास. बोल ना."

मालतीबाईंनी पोरीकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "तिकडे जेवायला काय मिळतं?"

"मंजूषा तिला उपाशी ठेवणार नाही, काकू," शैलेंद्र म्हणाला.

"तोडणी संक्रांतीनंतर ना?" अच्युतरावांनी विचारलं. "मी येईन तेव्हा. नक्की कधी, ते सांगणार नाही. तळघर, टाक्या, वेली, सगळं बघेन. दुसऱ्याच्या द्राक्षांचा ट्रक फाटकात दिसला, तर हिला त्याच गाडीनं परत आणेन."

"या ना, काका. केव्हाही."

"न सांगता येणार ते," मालतीबाई म्हणाल्या. "पण तिकीट मी काढते. तिकीट काढलं, की हिला आधी मी फोन करणार."

"मग कसली तपासणी!" अच्युतराव चिडून म्हणाले. जुई हसायला लागली, आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले.

त्यांनी बेदाण्यांची पुडी जवळ ओढली आणि एक बेदाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावला. मग हात पुसून त्यांनी तो औषधाचा चमचा पुढे केला.

"त्यातली?" शैलेंद्रनं काळ्या फुलीच्या बाटलीकडे हात नेत विचारलं.

"नाही," अच्युतराव म्हणाले. "आंबट."